सहाव्या वर्षीही परवडेल अशी गाडी

आखाजी (अक्षय्य तृतीया), दसरा आणि धनत्रयोदशी हे आपल्याकडे मोटरसायकलच्या शोरूमवाल्यांचे सुगीचे दिवस. पिंपळनेर असो, साक्री असो की धुळे, घरात पहिली गाडी घ्यायची म्हटलं की बोलणं ठरलेल्या वाटेनं जातं : ॲव्हरेज किती देते, डाऊन पेमेंट किती, हप्ता किती बसतो आणि चार वर्षांनी विकायला काढली तर काय भाव येईल. विम्याचं नाव यात कुणी काढत नाही. शोरूमच्या कोटेशनमध्ये पासिंग आणि ॲक्सेसरीजच्या मधल्या एका ओळीत तो असतो आणि ‘ऑन-रोड’ नावाच्या एका आकड्यात विरघळून जातो. हप्त्याच्या हिशेबात तेवढ्या रकमेनं फरक पडत नाही, म्हणून तो कुणाला टोचतही नाही. टोचतो तो पुढे, पाच वर्षांनी, जेव्हा गाडीचा हप्ता फिटलेला असतो, शोरूमचा माणूस फोन करत नाही आणि विमा स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या आठवणीनं भरायचा असतो. कित्येक गाड्यांचा विमा तिथेच संपतो, तो कायमचा. म्हणून पहिली गाडी निवडताना ‘आज कोणती घेता येईल’ यापेक्षा ‘सहाव्या वर्षी कोणत्या गाडीचा विमा आपण न कुरकुरता भरू’ हा प्रश्न मोठा मानावा, असं मला वाटतं. त्याचं उत्तर शोधायला लागणारे आकडे सरकारनेच जाहीर केलेले आहेत. ते कुणी वाचत नाही, एवढंच.

आपल्याकडची विम्याची पद्धत जगाहून थोडी वेगळी आहे. ब्रिटनमध्ये नवशिक्या पोराला मोटरसायकलचा विमा काढायचा तर कंपनी त्याचं वय विचारते, तो राहतो कुठल्या भागात ते पाहते, गाडी रात्री कुठे उभी राहते याचीही चौकशी करते. त्यामुळे तिथे कमी वयाच्या चालकाला विमा इतका महाग पडू शकतो की गाडीची निवड त्यावरच ठरते. आपल्याकडे कायद्याने सक्तीचा जो विमा आहे, म्हणजे थर्ड पार्टी, त्याचा दर केंद्र सरकार ठरवतं आणि तो फक्त इंजिनाच्या सीसीवर ठरतो. चालवणारा एकोणीस वर्षांचा कॉलेजकुमार आहे की पंचावन्न वर्षांचे गुरुजी, गाडी मुंबईच्या रस्त्यावर पळते की पिंपळनेरच्या बाजारपेठेत, यानं एका रुपयाचाही फरक पडत नाही. याचा एक अर्थ असा की सांभाळून चालवणारे लोक बेफाम चालवणाऱ्यांचा थोडा भार उचलतात. त्यावर वाद घालता येईल. पण पहिली गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने हे सोयीचंच आहे. वय आपल्या हातात नसतं, सीसी मात्र असते.

जून २०२२ मध्ये लागू झालेले थर्ड पार्टीचे वर्षाचे दर असे : ७५ सीसीच्या वर १५० सीसीपर्यंत ७१४ रुपये, १५० च्या वर ३५० पर्यंत १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. नव्या दुचाकीला हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून ही सक्ती आहे. त्याचे एकरकमी दर अनुक्रमे ३,८५१, ७,३६५ आणि १५,११७ रुपये. आता गाड्या पाहा. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी स्प्लेंडर ९७.२ सीसीची, शाइन आणि रायडर १२५ च्या आतल्या, पल्सर १५० सुद्धा १४९.५ सीसीची, म्हणजे या सगळ्या एकाच रांगेत. होंडाची युनिकॉर्न पूर्वी १४९.२ सीसीची होती, तिचं इंजिन २०२० मध्ये १६२.७ सीसीचं झालं आणि नाव तेच राहूनही गाडी विम्याच्या पुढच्या रांगेत गेली. अपाचे १६०, पल्सर एन१६० यांचंही तसंच. गंमत म्हणजे बुलेटवाल्यांची क्लासिक ३५० ही ३४९ सीसीची असल्याने तीही याच मधल्या रांगेत बसते. म्हणजे १६० सीसीची गाडी घेणारा थर्ड पार्टीपोटी बुलेटवाल्याइतकेच पैसे भरतो. दहा सीसी जास्त घेतल्याचा हा दंड आहे आणि तो भरणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसतो.

यावर पहिला आक्षेप सरळ येतो : वर्षाला साडेसहाशे रुपयांचा फरक, पेट्रोलची टाकीसुद्धा त्यात भरत नाही, त्यासाठी मनातली गाडी सोडायची? आक्षेप खोटा नाही. ज्याला दीड-दोन लाखांची गाडी रोख घेता येते त्याने साडेसहाशेसाठी अडून बसू नये. पण पहिली गाडी घेणारं घर बहुधा तसं नसतं. वरचेच दर धरले तर जीएसटीसह दहा वर्षांचा थर्ड पार्टी विमा १५० च्या आतल्या गाडीला सुमारे पावणेनऊ हजार, १५० ते ३५० मधल्या गाडीला पावणेसतरा हजार आणि ३५० च्या वरच्या गाडीला चौतीस हजारांच्या पुढे जातो. शिवाय सीसी एकटी वाढत नाही. तिच्याबरोबर गाडीची किंमत वाढते, किमतीबरोबर हप्ता, राज्याचा वाहन कर, टायर, चेनसेट आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमाही वाढतो. दुसरा आक्षेप आपल्या भूगोलाचा आहे. ताहाराबादकडे जायचं तर शेलबारी घाट, नवापूरकडे जायचं तर चरणमाळ, त्यात डबल सीट आणि मागे भाजीची पिशवी, शंभर सीसीचं इंजिन धापा टाकतं. हे खरं आहे, पण घाटाला हवा तेवढा जोर १२५ सीसीत मिळतो आणि १४९ सीसीपर्यंत विम्याचा दर तोच राहतो. त्यामुळे अगदी हलकीच गाडी घ्या असं मी म्हणत नाही. दीडशेची रेघ ओलांडण्याआधी ती का ओलांडायची हे एकदा स्वतःला विचारावं. घाटासाठी उत्तर ‘गरज आहे’ असं क्वचितच येईल.

दुसरा आकडा म्हणजे आयडीव्ही, गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत. स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं किंवा ती चोरीला गेली तर भरपाई देणारा भाग यावर ठरतो. २००२ च्या जुन्या दरपत्रकात मुंबई-पुण्यासारखी आठ मोठी शहरं एका गटात आणि बाकी सगळा देश दुसऱ्या गटात होता. पिंपळनेर अर्थातच दुसऱ्या, किंचित स्वस्त गटात. त्या पत्रकाप्रमाणे १५० सीसीपर्यंतच्या नव्या गाडीला आयडीव्हीच्या १.६७६ टक्के दर होता, म्हणजे ऐंशी हजारांच्या गाडीला साधारण तेराशे चाळीस रुपये, तर दोन लाखांच्या ३५० सीसीच्या गाडीला साडेतीन हजार. २००७ पासून हा भाग कंपन्यांसाठी मोकळा झाला आणि बहुतेक कंपन्या मोठी सूट देतात, म्हणून इथे घासाघीस करायला वाव आहे. शोरूमने सांगितलेल्याच कंपनीचा विमा घ्यायची सक्ती नाही. २०१७ पासूनच्या विमा नियामकाच्या नियमांनुसार डीलरला तशी जबरदस्ती करता येत नाही. थर्ड पार्टीत मात्र घासाघीस होत नाही. कुणी ७१४ च्या गाडीचा थर्ड पार्टी विमा पाचशेत देऊ करत असेल तर तो विमा नसून छापील कागद आहे, असं बेलाशक समजावं.

इथे एक गोंधळ होतो आणि तो नव्या गाडीच्या पॉलिसीतच दडलेला असतो. ‘पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे’ असं घरोघरी ऐकायला मिळतं. २०२० च्या ऑगस्टपासून स्वतःच्या नुकसानीचा भागही पाच वर्षांचा असलेली एकत्रित पॉलिसी नियामकाने बंद केली. त्यामुळे शोरूममधून निघणाऱ्या बहुतेक गाड्यांचं कवच एक वर्ष आणि पाच वर्षं असं जोडलेलं असतं : थर्ड पार्टी पाच वर्षं, चोरी-नुकसान फक्त पहिलं एक वर्ष. कागद एक, तारखा दोन. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेल्यावर ‘पाच वर्षांचा विमा’ काढून दाखवणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. त्यातही एक व्यवहारी विचार आहे. गाडीची किंमत विम्याच्या लेखी भराभर उतरते, दुसऱ्या वर्षी वीस टक्के, पाचव्या वर्षापर्यंत निम्मी. हप्ते चालू आहेत तोवर नुकसानीचा भाग चालू ठेवावा, कारण गाडी गेली तरी कर्ज राहतं. पुढे गाडी जुनी झाली की तो सोडून नुसता थर्ड पार्टी ठेवला तर मी त्याला बेजबाबदार म्हणणार नाही. थर्ड पार्टी सोडणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

आणि तोच तर सोडला जातो. देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांना विमा नाही, हे २०२४ मध्ये संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनेच मांडलं. मोटार वाहन कायद्यात विमा नसल्याचा दंड पहिल्या वेळी दोन हजार, दुसऱ्या वेळी चार हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. पण साक्रीच्या नाक्यावरचा दंड हा यातला सगळ्यात लहान धोका आहे. मोठा धोका धुळ्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात असतो. समजा विमा संपलेल्या गाडीची धडक बसून तिशीला टेकलेला, घरात चार-पाच माणसं अवलंबून असलेला, महिना बारा हजार कमावणारा मजूर गेला. भरपाईचा हिशेब कसा करायचा हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलं आहे. वर्षाची कमाई १,४४,०००. पुढे वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के, झाले २,०१,६००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, उरले १,५१,२००. वयानुसार गुणक १७. म्हणजे पंचवीस लाख सत्तर हजार, वर अंत्यविधी वगैरेच्या रकमा आणि व्याज. चूक मोटरसायकलवाल्याची ठरली आणि विमा जिवंत असेल तर हे कंपनी देते. विमा मेलेला असेल तर वसुली गाडीच्या मालकावर येते, आणि आपल्या भागात मालकाकडे विकण्यासारखं असतं ते शेत. वर्षाला आठशे बेचाळीस रुपये वाचवण्यासाठी, जीएसटी धरून, सातबारा पणाला लावलेला असतो, पण तसा विचार कुणी करत नाही. ‘काय व्हई?’ म्हणून गाडी निघते. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर गेलेल्या १,६८,४९१ माणसांपैकी ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती आणि साधारण दोन तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागातले. तेव्हा अपघात शहरात होतात, ही समजूतही सोडावी.

‘विमा कंपन्या पैसे देतच नाहीत’ हा आक्षेप आपल्याकडे हमखास निघतो आणि तो पीक विम्याच्या अनुभवातून येतो. कांदा वाहून गेल्यावर, मका आडवा झाल्यावर भरपाईची वाट पाहिलेल्या शेतकऱ्याला विमा या गोष्टीचाच राग असणं समजू शकतं. पण थर्ड पार्टीत पैसे मागणारा आपण नसतो. अपघातग्रस्ताचं कुटुंब दावा करतं, रक्कम न्यायाधिकरण ठरवतं, कंपनीने ठरवायची नसते. नियम मोडला म्हणून कंपनी अंग काढून घेऊ शकते ती मुख्यतः एका ठिकाणी, चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर. तिथेही २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणापासून न्यायालयं अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. म्हणजे लायसन्सशिवाय पोराच्या हातात दिलेली गाडी विमा असूनही मालकाच्या गळ्याशी येऊ शकते. पोरगं अठराच्या आतलं असेल तर पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदही. इथे कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही.

सगळ्यात कमी बोलली जाणारी बाब म्हणजे गाडी कुणाच्या नावावर. कर्ज वडिलांच्या पगारावर किंवा त्यांच्या नावच्या शेतीवर मिळतं, म्हणून आरसी वडिलांच्या नावाने, आणि चालवणार मुलगा. कॉलेज, क्लास, शेतावरचा डबा, सगळं त्याच गाडीवर. विम्यातलं पंधरा लाखांचं अपघाती संरक्षण मात्र ‘मालक-चालक’ याचं आहे, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे अशा एकाच माणसाचं. मुलगा स्वतःच्या चुकीने किंवा गाय आडवी येऊन गेला तर ते पंधरा लाख घराला मिळत नाहीत. दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, तो तिऱ्हाईत ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं आहे. मागे बसणाऱ्याचंही असंच. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत फुकट मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी कंपनीवर नाही, असं २००६ च्या तिलकसिंग प्रकरणात ठरलं होतं. आपल्याकडे मागची सीट रिकामी असते कधी? म्हणून शक्य असेल तर गाडी जो रोज चालवणार त्याच्या नावावर घ्यावी, वडिलांनी कर्जाला सहअर्जदार व्हावं. ते जमत नसेल तर चालवणाऱ्याचा आणि मागे बसणाऱ्याचा वैयक्तिक अपघात विमा थोडे पैसे जास्त देऊन पॉलिसीत घालता येतो, तो मागावा. बँकेतून वर्षाला वीस रुपयांत मिळणारा दोन लाखांचा सुरक्षा विमा तर घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचा असायलाच हवा. स्वस्त विमा म्हणतात तो खरा हा, गाडी कोणतीही असो.

पहिली गाडी नवीच असते असंही नाही. पावणा, मामा, चुलतभाऊ यांची सात-आठ वर्षं वापरलेली स्प्लेंडर किंवा प्लॅटिना वीस-पंचवीस हजारांत घेणं हा आपल्याकडचा रुळलेला मार्ग आहे आणि विम्याच्या हिशेबाने तो शहाणपणाचाही आहे. किंमत कमी म्हणून नुकसानीचा भाग घ्यायची गरज नाही, थर्ड पार्टी ७१४ च्या दरात, कर्ज नाही. घोटाळा कागदांत होतो. नात्यातला व्यवहार म्हणून गाडी नावावर करायची राहते, एमएच-१८ चा नंबर जुन्याच मालकाच्या नावे फिरत राहतो, विमा केव्हाच संपलेला असतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांत गेली असली तरी. म्हणजे विकणारा मामाच भरपाईत अडकतो. विमा जिवंत असेल तर तो गाडीबरोबर येतो खरा, पण पॉलिसीवर नवं नाव चढवायला चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. गाडी पाहायला जाताना टायर दाबून पाहतात, किक मारून आवाज ऐकतात, त्याच वेळी मोबाइलवर एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकून विम्याची तारीख पाहायला मिनिटही लागत नाही. विमा कधीपासून नाही हे कळलं की भाव पाडायलाही आधार मिळतो.

इलेक्ट्रिक दुचाकीला थर्ड पार्टीचा दर १५ टक्क्यांनी कमी, तीन किलोवॉटपर्यंत ४५७ आणि सातपर्यंत ६०७ रुपये. पण बॅटरीमुळे गाडीची किंमत आणि त्यावरचा नुकसानीचा भाग चढतो. गावात फिरायला ती ठीक आहे. पिंपळनेरहून धुळ्याला जाऊन त्याच दिवशी परत यायचं असेल तर चार्जिंगचं गणित आधी मांडावं लागेल.

ही सगळी काळजी घेणाऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकून सरकारला आणि नियामकाला मोकळं सोडावं असं मात्र मला वाटत नाही. पाच वर्षांची सक्ती करून पहिल्या पाच वर्षांचा प्रश्न सुटला, पण त्यामुळे सवय लागायची होती ती लागली नाही. दर वर्षी विमा भरायचा असतो हेच या पिढीला माहीत होत नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरात दोन तारखा असाव्यात : चोरी-नुकसान कधी संपतं, थर्ड पार्टी कधी संपतो. सहाव्या वर्षाच्या आधी एक संदेश आरटीओकडे नोंदवलेल्या मोबाइलवर जावा, तेवढी माहिती सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत आहेच. आणि सहाव्या वर्षापुढे पुन्हा तीन किंवा पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घेण्याची सोय सर्व कंपन्यांनी द्यावी, म्हणजे कांद्याचे पैसे हातात आले की तो भरून टाकता येईल. तोवर शोरूममध्ये कोटेशन हाती पडताच विम्याची ओळ बोटाने दाखवून ‘यातला कोणता भाग किती वर्षांचा?’ एवढं विचारायचं, आणि उत्तर कोटेशनच्याच कागदावर लिहून घ्यायचं.